हॅटरसची पक्षी-बोट: दहा तास आणि एक पेट्रेल

अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातील हॅटरस बेटावरून उन्हाळ्यात खोल समुद्रातील पक्षी दाखवणाऱ्या बोटी सुटतात. त्यांपैकी एका बोटीने मे महिन्याच्या अखेरीस आम्ही उभयतांनी रॉलीहून (त्याच राज्याच्या राजधानीहून) जाऊन दिवसभराची सफर केली. येथे समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, अरुंद असल्यामुळे गल्फ स्ट्रीमचा उष्ण प्रवाह किनाऱ्यापासून फार दूर नाही, आणि म्हणूनच पहाटे निघालेली बोट अडीच तासांत हिरवट पाणी मागे टाकून गडद निळ्या पाण्यात शिरते.

तिकिटाचे पैसे बोटीपेक्षा मार्गदर्शकांच्या कौशल्यासाठी मोजावेत, असे माझे मत झाले. बोटीमागे माशांचे तेल थेंबथेंब सोडत आणि अधूनमधून तुकडे टाकत ते पाण्यावर वासाची लांबलचक वाट तयार करतात. पेट्रेल आणि शिअरवॉटर या पक्ष्यांचे घ्राणेंद्रिय अतिशय तीक्ष्ण असल्याने, जेथे क्षणापूर्वी नुसते पाणी होते तेथे अर्ध्या तासात विल्सन्स स्टॉर्म पेट्रेलचा थवा जमला. जेमतेम लिंबाच्या वजनाचा, अंटार्क्टिक भागात वीण करणारा हा पक्षी भारताच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरही येतो. पण त्याच्या पायाच्या बोटांमधला पिवळा पडदा दिसेल इतक्या जवळून, लाटेवर पावले टेकवत तेल टिपताना, मी त्याला प्रथमच पाहिले.

ज्याच्यासाठी गेलो होतो तो ब्लॅक-कॅप्ड पेट्रेल साडेनऊच्या सुमारास आला. काळी टोपी, पांढरी मान, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. वाऱ्यावर कमानीसारखा उंच चढून पुन्हा लाटेआड जाण्याची त्याची ढब छायाचित्रांत कधीच कळत नाही. नामशेष झाल्याची शंका असलेल्या या पक्ष्याच्या वसाहती 1963 मध्ये हैतीच्या डोंगरांत पुन्हा सापडल्या. हॅटरससमोर त्याचे गडद व फिकट चेहऱ्याचे असे दोन्ही प्रकार दिसतात, आणि तो फरक मार्गदर्शकाने प्रत्येकाच्या शेजारी उभे राहून समजावला.

उणीव सांगायची तर ध्वनिवर्धक नव्हता. नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, दिशा बारा धरून मार्गदर्शक घड्याळाच्या आकड्यांनी पक्ष्याची जागा ओरडून सांगत असत, परंतु इंजिनाच्या आवाजात पुढच्या बाजूला ते ऐकू येत नसे. त्यामुळे सारगॅसम या समुद्री शेवाळाच्या तरंगत्या पट्ट्याजवळचा ब्रायडल्ड टर्न हा समुद्रपक्षी आमचा हुकला. कठड्याशी गर्दीही बरीच होती.

ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच गोळी घ्यावी. माझ्या पत्नीने घेतली नाही आणि परतीचे दोन तास तिने आडवे होऊन काढले. वाऱ्यामुळे सफर पुढे ढकलली जाऊ शकते, म्हणून हाती एक जादा दिवस ठेवावा. आणि टोपी जुनी न्यावी: माझ्या टोपीचा माशांच्या तेलाचा वास दोन धुण्यांनंतरही गेलेला नाही.