जुन्या पिकअपचा हौदा: बाभळीच्या फळ्या का चेकर प्लेट?

जुन्या पिकअपच्या हौद्याचा तळ सडला की हा प्रश्न येतोच. बॉडीवाल्याकडं गेलात तर तो पत्राच सांगणार, म्हणजे वर नक्षी उठवलेली लोखंडी चेकर प्लेट, कारण त्याच्याकडं वेल्डिंग मशीन आहे, रंधा नाही. सुताराकडं गेलात तर तो लाकूड सांगणार. मी दोन्ही करून बसलोय म्हणून लिहितो, बाकी ज्याची त्याची गाडी आणि ज्याचा त्याचा माल.

आमची गाडी 2009 ची, निफाडकडची. उन्हाळ कांदा लासलगावला, टोमॅटो पिंपळगाव बसवंतला, मधल्या दिवसांत शेणखत, खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, आणि गावात कुणाचं लग्न असलं की रुखवत पण आमच्याच गाडीत. आधी पाच वर्षं चेकर प्लेट होती, आता लाकडाचं चौथं वर्ष चालू आहे.

आधी वजनाचा गैरसमज काढून टाकतो. लाकूड म्हणजे हलकं असं सगळे धरून चालतात. आमचा हौदा 9 बाय साडेपाच फूट, त्याला 3 मिलीची प्लेट साधारण 110 किलोच्या आसपास जाते आणि 1 इंची वाळलेली बाभूळ 90 च्या आसपास. म्हणजे फरक एका मोठ्या कांद्याच्या गोणीएवढा पण नाही. त्यामुळं ॲव्हरेज वाढेल वगैरे डोक्यातून काढा.

प्लेटची बाजू आधी सांगतो, कारण ती खरी आहे. शेणखत, खडी, वाळू असला मोकळा माल भरत असाल तर फावडं प्लेटवर सरळ जातं, लाकडावर प्रत्येक सांध्याला अडकतं आणि मनगट भरून येतं. मका, सोयाबीन सुटं टाकलं तरी प्लेटमधून दाणा सांडत नाही. काम पण दोन दिवसांत होतं. गंजाचं म्हणाल तर गंजते, आणि वरून नाही तर खालून, जिथं प्लेट हौद्याखालच्या आडव्या लोखंडी चॅनलवर बसते त्या फटीत पाणी आणि सांडलेलं खत साठून राहतं तिथं. वरून रंग मारलेला बघून आपण खुश. पण गंजाला पाच-सात वर्षं जातात, नुसत्या गंजापायी मी प्लेट काढली नसती.

मी काढली ती आवाजापायी.

हसू नका, रोज चालवणाऱ्याला कळेल. ही प्लेट खालच्या चॅनलला सलग वेल्ड नसते, टाके मारलेले असतात. आमच्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, चार-सहा महिन्यांत कुठला तरी टाका सुटतो आणि तेवढ्या जागेची प्लेट वर-खाली आपटायला लागते. भरलेल्या गाडीत कळत नाही, पण कांदा खाली करून रिकामी परत निघालात की जो खडखडाट सुरू होतो तो थेट घरापर्यंत. शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलायचं, फोन आला तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं. टाके परत मारून घेतले, दोन महिने शांतता, मग दुसरीकडचा सुटला. खाली जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्या तर वेल्डिंग करताना त्याच पेटल्या. बोल्ट मारले तर बोल्टच वाजायला लागले. गाडी वेशीपाशी आली की आईला चहा ठेवायचं कळायचं, एवढाच काय तो फायदा.

तरी सवय झाली होती. पण एकदा सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली तर मागच्या कमान पाट्याचं, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, एक पान तुटलेलं निघालं, आणि तुटलेली कड घासून गुळगुळीत झालेली, म्हणजे बरेच दिवस तसंच चाललं होतं. मिस्तरी म्हणाला, आवाज आला नाही का रे? आता काय सांगणार त्याला. त्या खडखडाटात पाटा तुटल्याचा आवाज कुठून ओळखू येणार? भरलेल्या गाडीत घाटात काय झालं असतं हा विचार घरी आल्यावर आला, आणि त्याच आठवड्यात मी लाकडाच्या वखारीत गेलो.

लाकडात काय घ्यायचं, तर आमच्याकडं बाभूळच. बैलगाडीची चाकं आणि औतं पूर्वी याचीच व्हायची ते काही उगाच नाही. साग टिकतो, पण त्याच्यावर खताच्या गोण्या आदळायला जीव होत नाही, भावही तसाच. फक्त बाभळीचा तांबूस गाभाच घ्या, कडेचं पांढरं लाकूड भुंगा खातो, वखारवाला हळूच त्यात मिसळून देतो. आमच्या मापाला हिशोबाने चार-सव्वाचार घनफूट लागतं, पण कडा आणि चिरलेल्या फळ्या वाया जातात म्हणून साडेपाच धरा. स्वतःच्या बांधावरची बाभूळ पाडणार असाल तर आधी परवानगीचं विचारून घ्या.

माझी चूक सांगतो, ओल्या फळ्या ठोकल्या. घाई होती, हंगाम तोंडावर. उन्हाळ्यात त्या अशा आक्रसल्या की फटीतून बोट जायचं, दोन फळ्या बोल्टापासून चिरल्या. एक इंच जाडीला एक वर्ष वाळवण असं जुने सुतार म्हणतात, तेवढं नाही जमलं तरी एक उन्हाळा सावलीत, मध्ये काड्या घालून थप्पी लावून ठेवा. आणि पूर्ण वाळलेल्या बसवत असाल तर मध्ये 2-3 मिली जागा सोडा, पावसाळ्यात फुगतात.

बोल्ट जीआयचेच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले, साध्या लोखंडाच्या बोल्टाभोवती बाभूळ काळी पडते. डोकी फळीत बुडवून घ्या नाहीतर बारदान फाटतं. चॅसिसला भोक किंवा वेल्डिंग करू देऊ नका, यू-क्लॅम्प वापरायचे, मध्ये रबर. आणि जळकं ऑईल, म्हणजे इंजिनातून काढलेलं जुनं, फक्त खालच्या बाजूने लावा, वरून लावलं तर टोमॅटोच्या क्रेटला वास लागतो आणि व्यापारी नाक मुरडतो. वरून मी जवसाचं तेल लावतो, वर्षातून एकदा, आठवण राहिली तर.

वॉटरप्रूफ प्लायबद्दल बरेच जण विचारतात. कडेने पाणी प्यायला लागलं की पापुद्रे सुटतात, आमच्या मामांच्या गाडीला बघितलंय. दूधवाले, बेकरीवाले वापरतात त्यांना ठीक असेल.

लाकडाचा अजून एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. पाण्याची मोटर, ड्रम असलं काही न्यायचं असलं की बाजूला लाकडाचा गुटका ठेवून दोन खिळे ठोकायचे, वस्तू जागची हलत नाही. प्लेटवर हेच करायला दोरखंड घेऊन अर्धा तास जातो. एक फळी गेली तर तेवढीच बदलायची, त्याला वीज लागत नाही, आणि आमच्याकडं वीज कधी असते ते सांगायला नको.

मापं मात्र वाढवू नका. फाळके, म्हणजे हौद्याच्या बाजूच्या फळ्या, काढून हौदा रुंद करायचा मोह होतो, पण आरसीवर आहे त्यापेक्षा वेगळं केलंत तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि 8 वर्षांपुढच्या मालगाडीला पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, दरवर्षी आहे, तिथं अडकाल.

रोज खडी-वाळूच असेल तर प्लेट करा, मी वाद घालणार नाही. भाजी, गोण्या, क्रेट आणि निम्मा वेळ रिकामी फेरी असेल तर मी तरी फळ्याच म्हणेन. दोन फळ्या जास्तीच्या चिरून ठेवा, नंतर त्याच जाडीची मिळत नाही. आमच्या जास्तीच्या दोन फळ्या गोठ्याच्या माळ्यावर होत्या, सध्या त्यांच्यावर कुरडया वाळत घातल्यात.