दोन मुली, तीन सिनेमे: आधी कुठला बघायचा?

किशोरवयीन मुलींच्या मैत्रीवरचा काळाकुट्ट सिनेमा बघायचा ठरवलं की तीन नावं हमखास पुढे येतात: पीटर जॅक्सनचा 'हेवनली क्रीचर्स' (१९९४), कॅथरीन हार्डविकचा 'थर्टीन' (२००३) आणि कोरी फिनलीचा 'थरोब्रेड्स' (२०१७). सांगाडा तिन्हींचा जवळपास सारखा. दोन मुली एकमेकींत गुरफटतात, घरातलं एखादं मोठं माणूस आड येतं आणि प्रकरण हाताबाहेर जातं. बघण्याचा अनुभव मात्र इतका निराळा आहे, की एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच असं नाही.

कथानकावरून निवडायला गेलात तर गोंधळ वाढेल. त्यापेक्षा मुख्य जोडीकडे बघा, आणि त्यातही ओढणाऱ्या मुलीपेक्षा ओढली जाणाऱ्या मुलीकडे. मोहात पाडणारी भूमिका लिहितानाच चमकदार लिहिलेली असते. बरी नटी ती निभावून नेते. जी मोहात पडते तिचं पटलं नाही, तर पुढचं सगळं खोटं वाटायला लागतं.

'हेवनली क्रीचर्स'मध्ये ही जबाबदारी मेलनी लिन्स्कीवर आहे. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात १९५४ साली पॉलीन पार्कर आणि ज्युलिएट ह्यूम या दोन शाळकरी मुलींनी पॉलीनच्या आईचा खून केला, त्या खऱ्या घटनेवरचा हा सिनेमा. शेवट लपवलेला नाही; सुरुवातीलाच दोघी रक्ताने माखलेल्या, किंचाळत धावत येतात. त्यामुळे काय होणार हा प्रश्नच उरत नाही, कसं झालं एवढंच बघायचं. केट विन्स्लेटची ज्युलिएट वर्गात पाऊल टाकते ती फ्रेंचच्या बाईंच्या चुका काढतच. मागच्या बाकावरची, खांदे पाडून बसणारी, भुवयांखालून जगाकडे रागाने बघणारी पॉलीन त्या क्षणी पहिल्यांदा हसते. लिन्स्की शाळेत शिकत होती तेव्हा तिची निवड झाली. आधी एकही सिनेमा नाही. विन्स्लेटचाही हा पहिलाच. तिचा अभिनय काही जणांना कर्कश वाटतो, आणि पहिली वीस मिनिटं तो आहेही. पण ज्युलिएट स्वतःच सतत नाटक करणारी मुलगी आहे, आजारपण आणि आईबापांचं दूर असणं झाकायला तिच्याकडे तेवढंच आहे. तो कर्कशपणा कुठून येतो हे कळलं की खुपत नाही.

लिन्स्कीचं काम मात्र पुन्हा पुन्हा बघण्यासारखं. निवेदन पॉलीनच्या खऱ्या रोजनिशीतून घेतलंय आणि ती ते इतक्या उत्साहात वाचते की अंगावर काटा येतो. तिचा आवाज सहलीचा बेत सांगावा तसा, आणि बेत असतो आईला संपवण्याचा. शिवाय ती आई दुष्ट नाही. सारा पियर्सने साकारलेली ती एक दमलेली, थोडी बावरलेली बाई आहे. तिचा मुलीला येणारा राग आपल्याला कळतो आणि पटत मात्र नाही, या फटीतच सगळा सिनेमा उभा आहे. अधूनमधून मुलींच्या कल्पनेतलं राज्य पडद्यावर येतं, मातीच्या पुतळ्यांची माणसाएवढी माणसं होऊन वावरतात. जॅक्सनने आधी रक्तबंबाळ विनोदी भयपट केले होते, त्याची खूण इथे दिसते. एक-दोन ठिकाणी हे लांबतं. तरीही व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात 'रौप्य सिंह' पुरस्कार मिळवणाऱ्या या सिनेमाला तिघांत पहिला नंबर द्यायला मला फार विचार करावा लागत नाही.

'थर्टीन'मध्ये कल्पनाराज्य वगैरे काही नाही. लॉस एंजेलिस, हातात धरलेला कॅमेरा, खरखरीत चित्र, सतत हलणारं. अभ्यासू ट्रेसी शाळेतल्या सगळ्यात भाव खाणाऱ्या ईव्हीच्या मागे लागते आणि चोरी, नशा, स्वतःला इजा करून घेणं या वाटेने घसरत जाते. पटकथा हार्डविक आणि निकी रीड या दोघींनी मिळून लिहिली, आणि तेव्हा रीड स्वतः शाळकरी पोर होती. कथेला आधार तिच्याच आयुष्याचा, पण पडद्यावर तिने ईव्ही केली आणि ट्रेसी इव्हान रेचल वुडकडे गेली. हा बदल सिनेमाच्या पथ्यावर पडला. रीडची ईव्ही खलनायिका होत नाही. लाडीगोडी लावता लावता तिला खरंच या घरात राहायचं असतं. वुडच्या चेहऱ्यावर पोर आणि बाई एकाच दृश्यात आळीपाळीने दिसतात. चित्रीकरणाच्या वेळी दोघीही चौदाच्या आसपास होत्या, हे बघताना जाणवतं आणि अस्वस्थही करतं.

खटकतं ते इतकंच की घसरण फार भराभर होते. एका प्रसंगाची झळ बसेपर्यंत दुसरा येऊन आदळतो आणि मध्ये मध्ये पालकांना घाबरवण्यासाठी केलेली यादी वाचल्यासारखं वाटतं. त्यातून सिनेमाला बाहेर काढते ती ट्रेसीची आई, म्हणजे हॉली हंटर. शेवटाकडे स्वयंपाकघरात ती लेकीला मिठी मारते, लेक ढकलत राहते, ओरडत राहते, आणि ही सोडत नाही. सहाय्यक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिला नामांकन मिळालं होतं. माझ्या मते बक्षीसही चाललं असतं. तुम्ही या वयाच्या मुलीचे पालक असाल तर सिनेमा तिच्यासाठी बघाल, ट्रेसीसाठी नाही.

'थरोब्रेड्स'कडे हल्ली पुष्कळ जण अॅन्या टेलर-जॉयमुळे येतात. ही त्यातल्या त्यात थंड, चकचकीत आणि विनोदी निवड. अमेरिकेतल्या कनेटिकटमधलं श्रीमंत घर, लिलीचा (टेलर-जॉय) सावत्र बाप, आणि त्याचा काटा काढायचा बेत. ऑलिव्हिया कुकच्या अमांडाला कसल्याच भावना जाणवत नाहीत, आणि ती हे हवामान सांगावं तसं सांगते. मूळ लेखन नाटक म्हणून झालेलं, त्यामुळे दोघी बसून बोलतात ते भरपूर. पण संवाद इतके धारदार आहेत की कंटाळा येत नाही. खोटं रडू कसं आणायचं हे अमांडा लिलीला शिकवते, तो प्रसंग दोन्ही नट्यांची इयत्ता दाखवतो. कुक गालावर टिपूस आणते आणि डोळे कोरडेच वाटतात. टेलर-जॉयचं काम जास्त अवघड, कारण लिली सभ्य आहे, नीटनेटकी आहे, आणि कोण कुणाला ओढतंय हेच हळूहळू कळेनासं होतं. माझा निकष इथे मुद्दाम उलटा टांगलाय, आणि हीच त्यातली खरी गंमत. हिंसा बहुतेक पडद्याबाहेर, आवाजात आहे. वरच्या मजल्यावर सावत्र बाप व्यायामाच्या यंत्रावर वल्ही मारतो ती घरघर एखाद्या संवादाइतकी बोलते. किरकोळ नशाविक्रेता झालेला अँटन येल्चिन २०१६ साली गेला, सिनेमा प्रदर्शित झालेला त्याला बघायला मिळाला नाही. लिली, अमांडा आणि हा, या तिघांत सगळ्यात माणूसपण असलेलं पात्र त्याचं. तक्रार एकच: सिनेमा स्वतःच्या हुशारीवर जरा जास्त खूश आहे, आणि संपल्यावर कौतुक वाटतं तेवढं दुखत नाही.

तर मग निवड. अभिनयासाठी एकच बघणार असाल तर 'हेवनली क्रीचर्स'. दीड तासात आटोपणारं, डोक्याला खुराक देणारं काही हवं असेल, रडायची तयारी नसेल, तर 'थरोब्रेड्स'. सुरुवातीला घोड्याचा एक प्रसंग सूचित होतो, प्राण्यांच्या बाबतीत हळवे असाल तर तेवढं लक्षात असू द्या. 'थर्टीन' मी सरसकट कुणाला सुचवत नाही. स्वतःला कापून घेण्याची दृश्यं त्यात उघड आणि जवळून आहेत. तो विषय तुम्हाला किंवा शेजारी बसलेल्याला जवळचा असेल तर हा बाजूला ठेवा. घरातल्या मुलीला सोबत घेऊन बघायचा विचार असेल, तर आधी एकट्याने बघून घ्या आणि मग ठरवा.