माजी सैनिकांचं उद्योजकता प्रशिक्षण: एक हंगाम धंदा केल्यावरचा अनुभव

तोफखान्यातून निवृत्त होऊन नाशिकजवळच्या भगूरला आलो आणि माजी सैनिकांच्या उद्योजकता प्रशिक्षणाला बसलो. आता बेदाणा निवडून, प्रतवारी लावून पाकिटं भरायचं छोटं युनिट चालवतोय. एक हंगाम पार पडला, म्हणून लिहितोय.

सगळ्यात कामी आलं ते किंमत काढायचं शिक्षण. द्राक्षं वाळवायच्या शेडवरून आलेल्या मालातून काडी, खडा, बारीक मणी निघाले की वजनात घट येते. ती घट, पाकीट, वीज, भाडं सगळं एकाच कागदावर मांडायला लावलं. वर सरांनी बजावलं, "साहेब, पेन्शन येते म्हणून स्वतःची मजुरी शून्य धरू नका." हा कागद मी आजही प्रत्येक खरेदीला नव्याने मांडतो. आडत्याशी भाव करताना कुठे थांबायचं, ते त्यावरूनच कळतं.

पीएमईजीपीची, म्हणजे नव्या छोट्या उद्योगाला बँक कर्जासोबत अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेची, माहितीही चोख मिळाली. माजी सैनिक विशेष प्रवर्गात येतो, म्हणजे प्रकल्प खर्चात स्वतःचा वाटा ५ टक्के, अनुदान ग्रामीण भागात ३५ आणि शहरात २५ टक्के. पण हे अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हे तिथेच पहिल्यांदा कळलं. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत असते हेही तिथेच समजलं, नाहीतर एजंटला पैसे गेलेच असते.

कमी पडलं ते खेळत्या भांडवलाचं. प्रकल्प अहवालाचा नमुना दर महिन्याला माल घ्या, विका अशा हिशोबाचा. बेदाणा तसा चालत नाही. खरेदी उन्हाळ्यात, तीही रोखीने. विक्रीला खरा जोर दिवाळीला. मधले महिने माल कोल्ड स्टोरेजला, कारण बाहेर ठेवला तर रंग काळवंडतो, आणि भाडं चालूच. त्यात दुकानदार उधारी मागतो. ज्या जिल्ह्यात द्राक्ष आणि कांद्यावर निम्मे धंदे उभे राहतात, तिथे हंगामी पैशाचं गणित स्वतंत्र दिवस देऊन शिकवायलाच हवं. वसुलीचंही तेच. फौजेत इंडेंट (मागणीपत्र) टाकला की सामान येतं, इथे बिल दिलं तरी पैशासाठी चार फेऱ्या माराव्या लागतात.

तरीही जा, असंच सांगेन. नोकरीत असाल तर निवृत्तीआधीच संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या (डीजीआर) कोर्सची चौकशी करा. आणि बेदाण्यात उतरणार असाल तर प्रशिक्षण पावसाळ्यातच उरका. कर्जाची फाइल हलायला वेळ लागतो, आणि फेब्रुवारीत द्राक्षं शेडवर पडायला लागतात.