रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स, नऊ महिन्यांनंतर: अर्ध्या तासातली २१ मिनिटं

गेल्या दसऱ्याला आईसाठी रेकॉर्डिंगवाला बॉक्स घेतला. चित्र, आवाज, चॅनल याबद्दल लिहीत नाही, ते सगळीकडे सारखंच. रेकॉर्डिंगसाठी महिन्याला २५ रुपये वेगळे जातात आणि पेन ड्राइव्ह आपला आपण आणायचा, हेही घेणाऱ्यांना माहीत असतं. मला लिहायचंय ते रेकॉर्डिंगमुळे जे समजलं त्याबद्दल.

आई ७९ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे बाहेर जाणं जवळपास बंद. रात्री ८ ते साडेनऊ तिच्या तीन मालिका, एकाच चॅनलवर, पाठोपाठ. जेवण एकतर मांडीवर ताट घेऊन, नाहीतर साडेनऊनंतर गार झालेलं. रेकॉर्ड करून दिलं तर सावकाश बघेल, एवढाच माझा विचार होता.

पहिले दोन महिने मजेत गेले. मग एका रात्री आई म्हणाली, "अगं, एवढ्यात संपलं? जाहिराती पळवताना तुझ्याकडून मधलं काही सुटलं, बघ." मी मागे नेऊन सगळं पुन्हा लावलं. काही सुटलं नव्हतं. तिला पटेना, म्हणून मी वही आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसले.

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती आणि चॅनलच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या झलका मिळून ९ मिनिटं ५ सेकंद. उरली २१ मिनिटंही नाहीत. त्यात शीर्षकगीत ४० सेकंद, 'मागील भागात' सव्वा मिनिट, 'पुढील भागात' अर्धं मिनिट. आणि उरलेल्यातही पाणी घातलेलं. त्या दिवशी सुनेच्या हातून पूजेचं तबक पडलं आणि तिथे ब्रेक. ब्रेकनंतर तबक पुन्हा पडलं. मग तिसऱ्यांदा, संथ गतीत. मग सासू, दीर, आत्या, मोलकरीण, दारातला शेजारी, एकेकाचा चेहरा. त्या एका तबकाला १ मिनिट ५० सेकंद लागले. नवीन गोष्ट अशी धरली तर १६-१७ मिनिटं जेमतेम.

बारा दिवस मोजलं. सगळ्यात मोठा भाग २२ मिनिटांचा, सगळ्यात छोटा १९ मिनिटं ४० सेकंदांचा. मला खरंच वाईट वाटलं. आई दिवसभर त्या मालिकांची वाट बघते.

याला नियम आहे. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांमध्ये तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे: १० मिनिटं जाहिराती, २ मिनिटं स्वतःची प्रसिद्धी. म्हणजे अर्ध्या तासाच्या मालिकेत सरासरी २४ मिनिटं मालिकाच असायला हवी. ट्राय या सरकारी नियामक संस्थेने २०१२-१३ मध्ये ही मर्यादा घड्याळी तासाला (८ ते ९, ९ ते १० अशा प्रत्येक तासाला वेगळी) लागू करायचा प्रयत्न केला, तर चॅनलवाले न्यायालयात गेले आणि २०१३ च्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाकडून त्यांच्यावरच्या कारवाईला अटकाव मिळाला. शिवाय २०१९ पासून प्रत्येक चॅनलची किंमत वेगळी दाखवावी लागते, त्यामुळे हेही स्पष्ट दिसतं की आमचं हे चॅनल फुकटचं नाही. दरमहा पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचं माप कमी भरतंय, ही माझी तक्रार आहे. वाण्याने किलोला पाऊणशे ग्रॅम कमी दिलं तर आपण गप्प बसतो का?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत १९६६ ची स्टार ट्रेक तासाच्या वेळेत साधारण ५० मिनिटांची असायची. १९८७ ची तिची पुढची मालिका ४५ च्या आसपास आली, आणि नंतरच्या कितीतरी मालिका ४२ वर. जाहिरातीची वेळ सेकंदांच्या हिशोबाने विकली जाते आणि घड्याळातला तास काही वाढत नाही, तेव्हा कात्री गोष्टीलाच लागणार. आमच्या गच्चीवरून सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याचा लाल दिवा दिसतो. आई त्याच्याकडे बघून १९८४ च्या 'हम लोग'बद्दल बोलते. प्रायोजकाच्या जाहिराती तेव्हाही होत्या, पण तिच्या आठवणीत त्या सुरुवातीला आणि शेवटी. मधली गोष्ट सलग, आणि शेवटी अशोककुमार येऊन बोलायचे.

आता बॉक्सबद्दलचा राग. सहाव्या महिन्यात एका गुरुवारी लाइट गेले, आले, आणि बॉक्स नुसता चालू-बंद होत राहिला. तीन फोन झाले. वॉरंटी असताना व्हिजिटचे ३०० रुपये मागितले, मी पावती दाखवून नाही म्हटलं, चौथ्या दिवशी माणूस आला आणि बॉक्स बदलून गेला. पेन ड्राइव्हवरचे ४१ भाग नव्या बॉक्सवर उघडलेच नाहीत. "मॅडम, जुन्या बॉक्सवर केलेलं त्याच बॉक्सवर चालतं." हे विकताना कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी 'घेऊ नका' असं लिहून ठेवलं होतं.

ते आता मागे घेते. कारण तोच माणूस जाता जाता एक गोष्ट शिकवून गेला, जी मला पाच महिने माहीत नव्हती. चालू कार्यक्रम पॉजवर ठेवता येतो, बॉक्स मागून रेकॉर्ड करत राहतो, आणि हवं तेव्हा तिथूनच सुरू करायचं. आम्ही ८ ला पॉज दाबतो आणि ८:२५ ला लावतो. तिन्ही मालिकांच्या मिळून २७ मिनिटांच्या जाहिराती पळवत गेलं की साडेनऊला आपण चॅनलच्या बरोबरीने संपतो.

एक खोड मात्र अजून सतावते. पुढे पळवायला २, ४, ८, १६, ३२ असे वेग आहेत, पण एका दाबात ३० सेकंद पुढे नेणारं बटण नाही. १६ वर तीन मिनिटांचा ब्रेक ११ सेकंदांत जातो आणि थांबवेपर्यंत गोष्टही पुढे सरकते. आईच्या बोटांना ते जमत नाही, म्हणून रिमोट घेऊन मला शेजारी बसावं लागतं. बसते.

आठला आमची पानं वाढलेली असतात. आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येते, गरम भात जेवते, नातवाला शाळेतलं विचारते. सव्वाआठ झाले की तिचं लक्ष घड्याळाकडे जातं, तेव्हा मी ताक वाढते.