बर्तन बाजारची सांडशी: साडेचार स्टार, अर्धा रिव्हेटचा कापला

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातून स्टीलची सांडशी घेतली, १४० रुपये, तीन महिने रोज वापरून झाली म्हणून लिहितोय. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पहिली दिलेली आठ दिवसांत ढिली पडली, बदलून दिली पण तोंड वाकडं करून.

आधी कामाचं. तोंडाशी दोन्ही पाती आतून वाकवलीयेत आणि त्यांवर बारीक दाते पाडलेत, त्यामुळे पातेल्याचा काठ धरला की सटकत नाही, दोन लिटर उकळतं दूध मी एका हाताने उतरवतो. दांडे पत्रा दुमडून गोलसर केलेत, कड हाताला लागत नाही. रिव्हेट एकच आणि सगळा खेळ त्याच्यावर, ढिला असला की दाते एकमेकांवर बसत नाहीत, घट्ट असला की उघडायला दोन हात लागतात. घेताना दहादा उघडझाप करून बघा, दुकानदार म्हणेल 'भिया, संडसी है, इसमें क्या देखना', तरी बघा.

आता आईला जो वेडेपणा वाटतो तो. धुऊन, मिटून, भिंतीला उभी टेकवली की अगदी चोच वर केलेला पक्षी. आणि इंदूरच्या माणसाला असा पक्षी दिसला की शिल्पकार ब्रांकुशी आठवणारच, आपल्या दुसऱ्या यशवंतराव होळकर महाराजांनी त्याचे 'बर्ड इन स्पेस' नावाचे पुतळे घेतले होते ना, एक ब्राँझचा, दोन संगमरवरी. ब्रांकुशीच्या त्याच मालिकेतला एक ब्राँझ पक्षी १९२६ मध्ये बोटीने न्यूयॉर्कला उतरला तर तिथल्या कस्टमवाल्यांनी तो 'स्वयंपाकाची भांडी आणि हॉस्पिटलचं सामान' या खात्यात टाकून ४० टक्के ड्यूटी लावली, कलाकृतीला काहीच लागत नव्हती. मग कोर्टकचेरी, १९२८ मध्ये ब्रांकुशी जिंकला. आणि महाराजांच्या माणिकबाग राजवाड्यात पुढे ऑफिस कोणाचं आलं, तर कस्टम आणि एक्साइजचं!

पक्ष्याला भांडं म्हटलं तर कोर्टात केस होते, भांड्याला पक्षी म्हटलं तर आई म्हणते आधी दूध बघ, उतू जातंय.

मित्र म्हणतो कलेला सही लागते, द्युशाँ नावाच्या फ्रेंच कलाकाराने १९१७ मध्ये कारखान्यातल्या मुतारीवर 'आर. मट' असं लिहिलं तेव्हा कुठे लोक भांडायला लागले. अरे पण सही तर आमच्या मांडणीवर डब्याडब्यावर आहे, मशीनने टिंबं टिंबं पाडून कोरलेली, 'सप्रेम भेट' आणि तारीख, फक्त नाव देणाऱ्याचं असतं, ज्याने डबा ठोकला त्याचं कधीच नाही. सांडशीवर कोरून मागितलं तर म्हणाले जागा नाही.

तारेच्या घासणीने घासू नका, ओरखडे पडतात. रिव्हेटला अधूनमधून खोबरेलचा थेंब सोडा. आई अजूनही फडक्यानेच पातेलं उतरवते.