किंग क्रिम्सनचा ‘रेड’: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऐकून

गेल्या पावसाळ्यात किंग क्रिम्सन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘रेड’ अल्बमची एलपी घेतली. आता उन्हाळा लागला तरी ती कपाटात गेलेली नाही, टर्नटेबलशेजारीच असते. पहिल्या आठवड्यात विचारलं असतं तर ‘जबरदस्त’ म्हणून मोकळा झालो असतो. नेमकं काय जबरदस्त आहे ते हळूहळू उलगडत गेलं.

हा अल्बम १९७४च्या उन्हाळ्यात लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत झाला. बँडमध्ये तोवर तिघंच उरले होते: गिटार आणि मेलोट्रॉनवर (टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणारा कीबोर्ड) रॉबर्ट फ्रिप, बेस आणि गायन जॉन वेटनचं, ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड. ऑक्टोबरमध्ये रेकॉर्ड दुकानात आली तेव्हा फ्रिपने बँड मोडून टाकलेला होता. त्यामुळे अल्बमच्या मागे दौरा वगैरे काही नाही आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत तो ४५व्या क्रमांकाच्या वर सरकला नाही. आज प्रॉग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, ऐकणारा कुणीही त्याचं नाव पहिल्या दमात घेतो.

पाच ट्रॅक, जेमतेम चाळीस मिनिटं. शीर्षक ट्रॅकमध्ये शब्द नाहीत, फक्त वर चढत जाणारा गिटारचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) आणि त्याला खालून धरणारा बेस. वेटनचा बेस हा या अल्बमचा खरा कणा आहे असं माझं ठाम मत झालंय. तो इतका खरखरीत आणि जाड वाजतो की तिघांचा आवाज सहाजणांचा वाटतो. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका, अर्धा अल्बम तिथे पोहोचतच नाही. माझे रोजचे इयरफोनही इथे कमी पडले. मोठे, कान झाकणारे हेडफोन लावल्यावर बेस आणि गिटार वेगळे सुटून ऐकू यायला लागले.

‘फॉलन एंजल’ न्यूयॉर्कच्या रस्त्यावर भोसकल्या गेलेल्या पोराचं गाणं आहे, त्याच्या थोरल्या भावाच्या तोंडून. त्यातलं ओबो आणि कॉर्नेट ऐकाच, एवढ्या कठोर अल्बममध्ये ती वाद्यं फार हळवी वाटतात. ‘वन मोर रेड नाइटमेअर’मध्ये ब्रुफर्डची एक झांज फुटक्या पत्र्यासारखी वाजते. ती त्याला कचऱ्यात सापडली होती. कुणी दुसरा असता तर तो आवाज स्वच्छ करून घेतला असता. याने त्याच आवाजावर अख्खं गाणं उभं केलं.

दुसऱ्या बाजूचा ‘प्रॉव्हिडन्स’ हा कच्चा दुवा. जूनमध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या मैफलीत उत्स्फूर्तपणे वाजवलेला हा तुकडा, तेव्हा बँडमध्ये असलेल्या डेव्हिड क्रॉसच्या व्हायोलिनसकट. पहिली काही मिनिटं चाचपडण्यात जातात. तरी मी तो वगळत नाही, कारण त्या अस्वस्थ आठ मिनिटांनंतर ‘स्टारलेस’चा मेलोट्रॉन सुरू झाला की जीव भांड्यात पडतो.

आणि ‘स्टारलेस’साठीच हे सगळं लिहायला बसलो. बारा मिनिटांचं गाणं. वेटनने ते आधीच्या अल्बमच्या वेळीच पुढे केलं होतं, पण तेव्हा बाकीच्यांना रुचलं नव्हतं. पहिली साडेचार मिनिटं संथ, उदास, थेट काळजाला भिडणारं गायन. मग शब्द संपतात आणि बेस तेरा मात्रांचं एक आवर्तन धरतो. तबल्याची थोडीफार सवय असल्यामुळे मी हातावर मोजत बसलो. चौदाव्या मात्रेची वाट पाहावी आणि तिच्या जागी सम यावी, असं दर आवर्तनात होतं. त्यावर फ्रिप एकच स्वर दोन तारांवर आलटून पालटून छेडत राहतो. खालचे स्वर बदलतात तसा तोही अगदी थोडा वर सरकतो, पुन्हा तिथेच ठाण मांडतो. ब्रुफर्ड सुरुवातीला जवळपास वाजवतच नाही. लाकडी ठोकळ्याचा एखादा टक्, कुठे झांजेची किणकिण. मग एकेक वाद्य वाढत जातं, बेस गुरगुरायला लागतो, आणि चार-पाच मिनिटं अडवून धरलेलं सगळं दुप्पट लयीत, सॅक्सोफोनसकट सुटतं. अगदी शेवटी सुरुवातीची धून परत येते, पण आता पूर्ण ताकदीनिशी.

इतक्या महिन्यांनंतरही त्या मधल्या भागात मी दुसरं काही करू शकत नाही. एवढा संयम रॉकमध्ये मी क्वचितच ऐकलाय. फ्रिपसारख्या तयारीच्या गिटारवादकाने एका स्वरावर थांबायचं ठरवणं, याला फार मोठा आत्मविश्वास लागतो.

घ्यायचा कुठला? २०१९पासून किंग क्रिम्सनचे अल्बम स्ट्रीमिंगवर आहेत, तिथे आधी ऐकून पाहा. सुरुवात ‘स्टारलेस’ने करायला हरकत नाही, पण मधूनच नको आणि शफल बंद ठेवून. आवडला तर एलपी घ्या. पहिल्या बाजूला तीन ट्रॅक, दुसऱ्या बाजूला दोन, ही विभागणी फार चपखल आहे. रेकॉर्ड उलटायला उठता तेवढी उसंत ‘प्रॉव्हिडन्स’च्या आधी हवीच असते.