प्रागला जाताय तर पहिल्या सकाळी टिपवाली वॉकिंग टूर कराच

मागच्या महिन्यात आम्ही चार मित्र आणि त्यातल्या एकाची आई, म्हणजे आमच्या काकू, असे पाच जण ड्रेस्डेनहून ट्रेनने प्रागला जाऊन आलो. आम्ही सगळे जर्मनीत नोकरीला, काकू साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या. अडीच तासांचा प्रवास आहे आणि बराच वेळ खिडकीतून एल्बे नदी दिसते, पण इथे लिहायचंय ते शनिवारी सकाळी केलेल्या वॉकिंग टूरबद्दल.

या टूरला आधी पैसे नसतात, ऑनलाइन फक्त नाव नोंदवायचं आणि शेवटी आपल्याला वाटेल ती टिप द्यायची. खरं सांगते, मला वाटलं होतं फुकटात काय मिळणार, चार इमारती दाखवतील आणि सोडून देतील. पण आमची गाइड तिथलीच मुलगी, इंग्रजी एकदम सावकाश आणि स्वच्छ, काकूंनासुद्धा बरंचसं कळत होतं, आणि तिने सगळ्यात आधी काय केलं तर आम्हाला खाली बघायला लावलं.

म्हणजे झालं असं की दहाला जुन्या टाउन हॉलच्या घड्याळाखाली सगळे जमलो. १४१० सालचं घड्याळ, अजून चालू आहे, तासाचे ठोके पडायला लागले की बाजूचा सांगाडा दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून येशूच्या बारा शिष्यांचे पुतळे फिरून जातात आणि शेवटी कोंबडा आरवतो. सगळे मोबाइल वर करून उभे. गाइड म्हणाली छान आहे, पण हे शिष्य जुने नाहीत, १९४५ च्या मे महिन्यात टाउन हॉल जळला तेव्हा आधीचे जळाले, आणि मग दहा पावलं बाजूला नेऊन म्हणाली आता पायाखाली बघा. तिथे फरसबंदीत पांढऱ्या दगडांचे क्रॉस बसवलेत, मोजले तर २७. २१ जून १६२१ ला इथे २७ जणांना ठार मारलं, तिथल्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या बादशहाविरुद्ध बंड केलं म्हणून. लोक त्यावरून बिनधास्त चालत असतात, कोणाला पत्ताच नसतो, आमचाही एक मित्र फोटो काढायच्या नादात नेमका एका क्रॉसवर उभा, तर काकू पटकन म्हणाल्या, "अरे बाजूला हो, पाय नको ठेवूस त्यावर." गाइडने विचारलं काय म्हणतायत, मी सांगितलं, तर ती काकूंकडे बघून नुसती हसली. आपल्या शिवाजी महाराजांच्या जन्माच्या नऊ वर्षं आधीची गोष्ट ही, मला असं जोडून बघितलं की काळ चटकन लक्षात येतो.

आणि हीच एक गोष्ट तिने टूरभर पुढे नेली, मला सगळ्यात आवडलं ते हेच. नुसत्या सनावळ्या नाहीत. चार्ल्स ब्रिजच्या अलीकडचा उंच बुरूज दाखवून म्हणाली, त्यातल्या बारा जणांची मुंडकी दहा वर्षं इथे टांगून ठेवली होती. पुलाचं काम १३५७ ला सुरू झालं, वर ३० पुतळे आहेत वगैरे तेही सांगितलं, पण बुरुजाखालून जाताना आमच्यातलं कोणी बोलतच नव्हतं.

आता पैशांचं, कारण हे सगळ्यांच्या कामाचं आहे. टूरच्या आधी, साडेनऊच्या सुमाराला, एका एक्स्चेंजच्या दुकानात आम्ही १०० युरो बदलले. बाहेर मोठ्ठं लिहिलेलं कमिशन शून्य, आणि हातात आले १७०० क्राउन, म्हणजे तिथलं चेक चलन! बाहेर येऊन मोबाइलवर रेट बघितला तर चोवीसशेच्या आसपास यायला हवे होते. दुकानवाला म्हणे सही केलीत ना, झालं. मधल्या ब्रेकमध्ये मी गाइडला सांगितलं, तर तिने विचारलं पावती आहे ना? २०१९ पासून तिथे कायदा आहे, तीन तासांच्या आत, १००० युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करता येतो. पावणेबाराला आम्ही दोघी पावती घेऊन धावत गेलो, त्याने तोंड वाकडं केलं पण १०० युरो परत दिले. पावती अजिबात टाकू नका. त्यापेक्षा सरळ कार्ड वापरा, जवळजवळ सगळीकडे चालतं.

कमी काय वाटलं तर ग्रुप मोठा होता, पंचवीसेक लोक, मागे राहिलं की ऐकू येत नाही, आणि आत कुठेच नेत नाहीत, सगळं बाहेरून. तीन तास दगडी रस्त्यावर चालायचं, काकूंचे गुडघे दुखायला लागले, त्यामुळे वयस्कर कोणी असेल तर चांगले बूट हवेतच. आम्ही माणशी १० युरो दिले आणि ते कमीच वाटले.

दुपारी जेवायला काकूंना स्माझेनी सीर मिळालं, जाड चीजचा तुकडा ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेला, सोबत बटाटे. नुसतं शाकाहारी म्हणून मागवू नका, कोटिंगमध्ये अंडं असतं, काकूंना चालतं. मग २२ नंबरच्या ट्रामने किल्ल्यावर, तिकीट पिवळ्या मशीनमध्ये पंच करायला विसरू नका. चर्च प्रचंड आहे, १३४४ ला सुरू होऊन १९२९ ला पूर्ण झालं, पण आम्ही शोधत होतो जुन्या राजवाड्यातली ती खिडकी, जिथून १६१८ ला बादशहाची माणसं खाली फेकली आणि बंड पेटलं. माणसं वाचली म्हणे. सकाळी शेवट बघितला आणि संध्याकाळी सुरुवात, मस्त वाटलं.

एक मात्र लक्षात ठेवा, ज्यू मोहल्ल्यातली म्युझियममध्ये येणारी ठिकाणं शनिवारी बंद असतात, टूर तिथून बाहेरूनच जाते. रविवारी ट्रेनच्या आधी आम्ही पुन्हा गेलो. पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळजवळ ७८,००० ज्यूंची नावं हाताने लिहिलीत, लाल आणि काळ्या बारीक अक्षरांत, खालपासून वरपर्यंत. काकूंना ती रोमन लिपी जमते तेवढी, बोट भिंतीपासून जरा लांब धरून एकेक आडनाव हळूहळू वाचत होत्या, आणि आम्ही ट्रेनची वेळ झाली तरी त्यांना हाक मारली नाही, पुढची ट्रेन पकडली.